सव्वीस उंदरांना माती

सोळा नोव्हेंबरच्या सकाळी प्राणिगृहात अठ्ठेचाळीस पांढरे उंदीर होते. आठ पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यात सहा. सगळ्या माद्या, वय आठ ते दहा आठवडे. सर्वांत हलकी अठरा ग्रॅमची, सर्वांत जड तेवीस. प्रत्येकीच्या उजव्या कुशीत कातडीखाली एक गाठ होती. दहा दिवसांपूर्वी तिथे कर्करोगाच्या पेशी आम्हीच टोचल्या होत्या. सर्वांत लहान गाठ पाच मिलिमीटरची होती, सर्वांत मोठी नऊ. याशिवाय खोलीत दोन तापमापक, एक वजनकाटा, भुशाची तीन पोती आणि बसवंतअप्पा होते.

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की सहा किलोमीटरवर, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतांमध्ये, एका खाजगी ट्रस्टचं छोटं संशोधन केंद्र आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी तिथे प्रकल्प सहायक म्हणून लागले. ताडकळसहून रोज एस.टी.नं यायची. प्रकल्प डॉ. दिनकररावांचा. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. उंदरांचं खाणं, पाणी, भुसा बदलणं ही कामं बसवंतअप्पांकडे. ते पालमचे, लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, वय साठीच्या आसपास. बायकोसोबत ते प्राणिगृहाच्या मागच्याच क्वार्टरमध्ये राहत.

प्रयोग सांगायला सोपा आहे. कर्करोगाची गाठ मोठी झाली की तिच्या गाभ्यापर्यंत रक्त पोचत नाही, म्हणजे प्राणवायूही पोचत नाही. जमिनीत काही जिवाणू असे असतात की जे हवेत मरतात आणि हवा नसेल तिथेच वाढतात. त्यांचे बीजाणू रक्तात सोडले तर ते सगळ्या शरीरात झोपून राहतात. जागे होतात ते फक्त गाठीच्या गाभ्यात. तिथून ते गाठ आतून खात सुटतात. पण आमचा खरा हेतू पुढचा होता. शरीराची प्रतिकारशक्ती गाठीला एरवी परकं मानत नाही. जिवाणू आत शिरले की गावात कुणी बोंब ठोकावी तसं होतं. लोक काठ्या घेऊन धावतात, आणि आलेच आहेत तर आतापर्यंत घरात लपून बसलेल्या चोराचं तोंडही त्यांना दिसतं. एकदा तोंड दिसलं की मग ते विसरत नाहीत.

या जिवाणूचे जंगली भाऊबंद मेंढरं मारतात. त्यांचं विष उती कुजवतं. आमच्या वाणाकडे विष नव्हतं. विषाचं जनुक मुळात जिवाणूचं नसतंच. जिवाणूच्या आत राहणाऱ्या एका विषाणूकडे ते असतं. सरांनी तो विषाणू बाहेर काढला होता. पाहुणा गेला, त्याच्याबरोबर त्याचं सामानही गेलं.

चोवीस उंदरांना बीजाणू टोचले, चोवीसांना नुसतं मिठाचं पाणी. आठवडाभरात फरक दिसायला लागला. बीजाणूंच्या गटातले सात उंदीर पहिल्या चार दिवसांत मेले. गाठ फार वेगानं विरघळली की शरीराला ते झेपत नाही. उरलेल्या सतरांच्या गाठी काळ्या पडल्या, खपली धरली, बसल्या. नऊ उंदरांच्या कुशीत महिन्याभरानं हाताला काहीच लागेना. मिठाच्या पाण्याच्या गटातले एकोणीस गेले. बहुतेकांना गाठ वीस मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर आम्हीच नियमाप्रमाणे गॅस देऊन झोपवलं. जानेवारीत बऱ्या झालेल्या नऊ उंदरांना मी पुन्हा त्याच पेशी टोचल्या. आठ उंदरांत गाठ धरलीच नाही. शरीरानं चोराचं तोंड लक्षात ठेवलं होतं. सरांनी तो आकडा तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा नुसते "बरं" म्हणाले.

गॅस देताना अप्पा खोलीत थांबत नसत. पेटीचं झाकण लावायच्या आधी बाहेर जाऊन उभे राहत आणि सदऱ्यावरून छातीवर हात ठेवत. पण नंतरचं सगळं त्यांच्याकडे होतं. मेलेला उंदीर पिवळ्या पिशवीत घालायचा, पिशवी वाफेच्या यंत्रातून काढायची, वजन करायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. जैविक कचऱ्याची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ती पिशव्या जाळायला घेऊन जाते. रजिस्टरमध्ये चार रकाने: तारीख, उंदीर किती, पिशवीचं वजन, सही. सही माझी.

महाशिवरात्र रविवारी आली. उंदरांना सुट्टी नसते, म्हणून मी दहाच्या सुमारास केंद्रावर गेले. पाणी बदलून बाहेर आले तर क्वार्टरच्या ओट्यावरून चन्नबसम्मांनी हाक मारली. या अप्पांच्या बायको. मी त्यांना मावशी म्हणायची.

"ए ज्ञानेश्वरी! उपास हाय का तुला?"

"नाही मावशी. मी सकाळीच पोहे खाऊन निघाले."

"मंग तुला नवरा महादेव कसा देईल? उंदरायतूनच एखादा बघ." त्या हसल्या आणि स्टीलची ताटली पुढे केली. उकडलेली रताळी, वर थोडं तूप. "खा. घरची हायेत. मागल्या वाफ्यातली. कालच काढली."

मी दोन खाल्ली. गोड होती. मावशी एका विटेवर उजवा पाय ठेवून बसल्या होत्या. पायाला हळदीनं पिवळी झालेली चिंधी बांधलेली.

"पायाला काय झालं?"

"काय न्हाई. रताळी उकरताना खुरपं लागलं. इत्तुसं हाय."

"इत्तुसं म्हणती अन् रातभर कन्हायलीय," अप्पा आतून म्हणाले. "शुगरची गोळीबी आठ दिवस झाले घेतली न्हाई."

"तुमी तुमच्या उंदरायकडं बगा. त्यायला डाक्टरीण हाय, आमाला कोण हाय?"

मी म्हणाले की उद्या दवाखान्यात दाखवा. त्यांनी मान हलवली. मधुमेह, पायाची जखम, अनवाणी, ओली माती: हे चार शब्द माझ्या डोक्यात एका ओळीत यायला हवे होते. आले नाहीत. मी साडेबाराची गाडी पकडली.

सोमवारी सर हैदराबादला होते. प्रयोगाचे निकाल ते तिथल्या परिषदेत मांडणार होते, आणि प्राणी-नीती समितीला द्यायचा अहवाल मला तयार करायचा होता. त्यात एक रकाना होता: नष्ट केलेल्या प्राण्यांची संख्या व एकूण वजन. मी रजिस्टर उघडलं आणि बेरीज केली. सव्वीस उंदीर. अकरा पिशव्या. पिशव्यांचं एकूण वजन तीनशे एकतीस ग्रॅम.

मी एक रिकामी पिशवी काट्यावर ठेवली. चौदा ग्रॅम. अकरा पिशव्यांचे एकशे चौपन्न. उरले एकशे सत्त्याहत्तर ग्रॅम. सर्वांत हलका उंदीर अठरा ग्रॅमचा धरला, गाठीचं वजन सोडून दिलं, तरी सव्वीस उंदरांचे चारशे अडुसष्ट होतात.

बेरीज मी पुन्हा केली. मग खालून वर केली. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी असलेली माझी सही पाहिली. अकरा सह्या होत्या, सगळ्या एकसारख्या, घाईत केलेल्या. अकराही वेळा वजनाचा आकडा सहीपासून दोन बोटांवर होता.

अप्पा पिंजरे धूत होते.

"अप्पा, पिशवीत काय घालत होता तुम्ही?"

"भुसा. त्यायच्या पिंजऱ्यातला, घाण झालेला."

"आणि उंदीर?"

त्यांनी नळ बंद केला. हात पंचाला पुसले. "त्यायला माती दिली."

मग तेच पुढे म्हणाले, "वजन मातर बराबर लिवलंय बरं का. जेवढं भरलं तेवढं. म्या खोटं कामून लिहू?"

"अप्पा, जाळायचे असतात ते. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलतं की. वासापायी अन् कुत्र्यायपायी जाळायचं, असं समजलो मी. म्हणून हातभर खोल गेलो. एक कुत्रं फिरकलं न्हाई तिकडं." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "आमच्यात जाळीत न्हाईत, बाई. मपल्या बापाला जाळलं न्हाई, आज्याला न्हाई. बशिवतेत, विभूती लावतेत, माती देतेत. ह्या जिवायनं आपल्या हातचं खाल्लं, सुया सोसल्या, आपल्यासाठी गेले. त्यायला गाडीत टाकून भट्टीला कसं धाडू? म्हणून हिच्याकडून बेलाचं पान घ्यायचो अन् द्यायचो माती. कुणाचं काय बिघडलं?"

"कुठे दिली?"

"मागं. रताळ्याच्या वाफ्याला लागून. तितं जमीन मऊ हाय."

वाफेच्या यंत्रातून काढलेला उंदीर जमिनीत गेला असता तर मला फार भीती वाटली नसती. पण अप्पा तर यंत्रात फक्त पिशवी घालत होते. उंदीर जसा मेला तसाच जमिनीत गेला होता, आणि त्यांतल्या सातांच्या अंगात बीजाणू होते. जमीन म्हणजे या जिवाणूचं माहेर. त्याचे जंगली भाऊबंद तिथे राहतात, आणि त्या भाऊबंदांमधले विषाणूही. आम्ही ज्या पाहुण्याला बाहेर काढलं होतं, त्याच्याच दारात आम्ही घर नेऊन ठेवलं होतं.

"मावशी कुठे आहेत?"

"निजलीय. ताप हाय जरा."

मावशी निजल्या नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. चिंधी सोडली तेव्हा आधी वास आला. जखम अंगठ्याच्या मुळाशी, दोन सेंटिमीटर लांब. कडा करड्या. पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं, कातडी ताणून चकचकीत झालेली. मी मोबाईलमध्ये वेळ पाहिली: अकरा पंचवीस.

"एवढं काय टकामका बगायलीस?" मावशी म्हणाल्या. "उंदीर हाय का मी?"

केंद्राच्या जीपनं आम्ही परभणीत एका सर्जनच्या दवाखान्यात गेलो. डॉ. सविता मॅडम पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पायावर बोटं दाबून कान दिल्यासारखं केलं. कातडीखाली वायू धरला असेल तर पापड मोडल्यासारखं जाणवतं. अजून तसं काही नव्हतं. त्या मला बाहेर घेऊन आल्या.

"शेतातली जखम म्हणून आणलीय ना?"

तेवढ्यात सरांचा फोन आला. जीपमधून मी त्यांना निरोप टाकला होता. "ज्ञानेश्वरी, घाबरू नकोस. आपल्या वाणात विष नाही. डॉक्टरांना एवढंच सांग की मातीतला संसर्ग असू शकतो. ते खोटं नाही. बाकीचं मी आल्यावर बोलेन."

मी फोन ठेवला आणि मॅडमना सगळं सांगितलं: जिवाणूचं नाव, वाण, किती बीजाणू दिले, कोणत्या तारखेला सात उंदीर मेले, ते कुठे पुरले, विषाणू, जनुक. पाच मिनिटं लागली. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "परत विषारी होऊ शकतो?"

"प्रयोगशाळेत होत नाही. जमिनीत काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही."

"तू पाहू शकतेस?"

"जखमेतला नमुना द्या. हवाबंद बरणीत वाढवते. हा हळू वाढतो. गुरुवारी सकाळी जिवाणूंच्या वसाहती उचलता येतील. जनुक तपासायला साडेतीन तास."

त्यांनी जरा विचार केला. "हे बघ. साखर साडेतीनशे आहे. अशा बाईचा पाय कापला तर ती जखमही भरेलच असं नाही. म्हणून मी उगाच कापणार नाही. आत्ता जखम उघडून साफ करते, पेनिसिलिन चालू करते. जिवाणू बिनविषारी असेल तर एवढ्यानं पाय वाचेल. विषारी असेल तर औषध पोचायच्या आधी तो वर जातो, मग पाय नाही, बाई जाते." खिशातून काळं पेन काढून त्या आत गेल्या आणि घोट्याच्या वर, जिथे लाली संपत होती तिथे, त्यांनी पायाभोवती रेघ ओढली. बाहेर येऊन म्हणाल्या, "लाली या रेघेच्या दोन सेंटिमीटर वर गेली तर मी तुझ्यासाठी थांबणार नाही. नाही गेली तर गुरुवारी बारापर्यंत थांबते. आणि तुझ्या तपासणीत एक जरी वसाहत विषारी निघाली, तरी गुडघ्याखाली कापणार. एक म्हणजे एक."

अप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मंगळवारी सकाळी आठला मी पट्टी घेऊन वॉर्डात गेले. लाली रेघेला टेकलेली. शून्य मिलिमीटर.

तिथून केंद्रावर येऊन आम्ही वाफा उकरला. अप्पांना हातमोजे, गमबूट, मास्क असं सगळं चढवलं. त्यांना ते जमत नव्हतं. हिवाळा सरत आला होता आणि काळ्या मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. एका भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. भेगेच्या एका बाजूला रताळ्याचे वेल, दुसऱ्या बाजूला खड्डे. सव्वीस, तीन ओळींत. प्रत्येक खड्ड्यात पांढऱ्या कापडाचा तुकडा, आणि कापडात एक उंदीर, मागच्या पायांवर बसवलेला. बेलाचं पान वाळून तपकिरी झालेलं. अप्पांना प्रत्येकाची तारीख तोंडपाठ होती. मी रजिस्टर धरून बसले होते. त्यांची एकही तारीख चुकली नाही.

"हे चार कुणी उघडलेत?" मी विचारलं. वेलांच्या बाजूच्या ओळीतले चार खड्डे तिरपे कापले गेले होते. कापड फाटलेलं, आतलं मातीत मिसळलेलं.

"रताळं आडवं जातंय की जमिनीत," अप्पा म्हणाले. "तिनं त्याच्या मागं खुरपं घातलं आसंल."

"या ओळीतले कधीचे?"

अप्पांनी फाटलेलं कापड उचललं. "हे पयल्या आठवड्यातले. बीजवाले."

वाफेच्या यंत्रात घालायला आम्ही एकोणीस पोती माती भरली. मी चारही खड्ड्यांतली थोडी थोडी माती वेगळ्या नळ्यांत घेतली. पोती बांधताना अप्पांनी विचारलं, "ह्याच मातीत व्हतं का त्ये? का मी आणलं?"

"दोन्ही, अप्पा."

संध्याकाळी पाचला लाली चार मिलिमीटर वर.

बुधवारी सकाळी सात मिलिमीटर.

सर बुधवारी दुपारी पोचले. बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी बरणीतल्या पेट्र्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या चपट्या बशा, उजेडात धरून पाहिल्या. वसाहती होत्या, पण टाचणीच्या टोकाएवढ्या. "उद्या सकाळी," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. "तो विषाणू बाहेर काढायला मला चौदा महिने लागले होते. तू सगळं सांगितलंस त्या डॉक्टरांना?"

"हो सर."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फ्रीज उघडला, मागच्या बाजूची एक नळी काढली आणि माझ्या हातात दिली. त्यात विषाच्या जनुकाचा तुकडा होता, तुलनेसाठी जपलेला. "हा शेजारी लाव. नसेल तर नाही म्हणायला आधार हवा. असेल तर..."  नीती समितीचा अहवाल टेबलावर होता. तो त्यांनी उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. मी ते पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं.

संध्याकाळी वॉर्डात गेले तेव्हा मावशी जाग्या होत्या. सलाईन चालू, ओठ कोरडे, पण आवाज तसाच.

"आली का मापारीण! माप घे. शिंपी तरी कापड आणू देतो, हिला नुसतं मापच घ्यायचंय."

मी पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.

"किती झालं?"

"अकरा."

"किती झाल्यावर कापतेत?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. "वीस," मी म्हणाले.

मावशींनी हिशेब केल्यासारखं छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला एक सांग. तू शिकलेली हायेस. आमच्यात मेल्यावर मांडी घालून बशिवतेत. एक पाय नसला तर मांडी कशी घालावी?"

"काय बी बोलायलीस," अप्पा म्हणाले.

"म्या काय वंगाळ बोलले? इचारू न्हाई का? तुमी त्या उंदरायला बशिवलं, मला बशिवताल का न्हाई?" त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या. "अन् त्यो कापलेला पाय कुटं जातोय? तुमाला देतेत का घरी न्यायला?"

नर्स टेबलावरून सुया गोळा करत होती. ती म्हणाली, "नाही आजी. तो कचऱ्याच्या गाडीत जातो. पिवळ्या पिशवीत. भट्टीत जाळतात."

 अप्पांनी सदऱ्यावरून छातीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. जरा वेळानं त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"त्ये मंगळवारी न् शुक्रवारी येतेत ना गाडीवाले?"

"हो."

"उद्या गुरुवार हाय."

"हो, अप्पा."

"उद्या कापला तर एक दिवस ठिवतेत मंग." ते भिंतीवरच्या पाटीकडे बघत होते, पाटीवर कोणत्या रंगाच्या पिशवीत काय टाकायचं त्याची चित्रं होती. "ज्ञानेश्वरीबाई, तुमच्या त्या यंत्रात काय दिसलं तरी... तुमी खरंच सांगताल ना?"

"खरंच सांगेन."

"मला न्हाई. डाक्टरीणबाईला." ते पाटीकडून माझ्याकडे वळले. "मला वाटायलंय की तुमी न्हाई म्हणावं. म्हणून आधीच सांगायलोय. न्हाई म्हणू नका. म्या वजन खरं लिवलं व्हतं. तुमीबी लिवा."

गुरुवारी सकाळी सहाच्या गाडीनं निघाले. आधी वॉर्ड. लाली सोळा मिलिमीटर. मावशींना ग्लानी होती. मी आले हे त्यांना कळलं नाही. डॉ. सवितांनी पायावर बोटं दाबली आणि मान हलवली: वायू अजून नाही. ऑपरेशनची खोली त्यांनी साडेबाराची सांगून ठेवली होती. "होईल किंवा नाही होईल," त्या म्हणाल्या. "खोली तयार असू दे."

सात वाजून वीस मिनिटांनी मी बरणी उघडली. वसाहती आता पावट्याच्या डोळ्याएवढ्या झाल्या होत्या, कडा अनियमित, रंग करडा. जखमेच्या पेट्रीवरून चोवीस उचलल्या. एका बाजूच्याच घेतल्या असं होऊ नये म्हणून पेट्रीचे सहा भाग आखले आणि प्रत्येकातून चार घेतल्या. सोबत तुलनेच्या तीन नळ्या: नुसतं पाणी, आमचा मूळ वाण, आणि सरांनी दिलेला जनुकाचा तुकडा. मातीच्या नळ्या नंतरच्या फेरीसाठी ठेवल्या. मातीला घाई नव्हती.

जनुकाच्या प्रती काढणारं पीसीआर यंत्र आठ वाजून पाच मिनिटांनी सुरू केलं. ते थांबायला दोन तास दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी उरलेल्या बावीस उंदरांना पाणी दिलं, कारण अप्पा दवाखान्यात होते. पिंजरा क्रमांक तीनमध्ये ज्यांच्यात गाठ पुन्हा धरली नव्हती त्यांतले सहा उंदीर होते. चपळ, केस चमकदार. एकानं पट्टीचं टोक हुंगलं. मी त्यांची वजनं घेतली आणि लिहिली.

सव्वा दहाला नळ्या काढल्या, त्यांतलं द्रव जेलच्या मऊ वडीतल्या खाचांत भरलं, वीज लावली. सर मागे येऊन उभे राहिले.  जेलमध्ये जनुक असेल तर कडेच्या तिसऱ्या मापखुणेशी एक आडवी पांढरी पट्टी दिसते, नसेल तर काहीच दिसत नाही. दहा पंचावन्नला अप्पांचा फोन आला. मी तो उचलला आणि म्हणाले, अजून पाच मिनिटं.

"बरं," अप्पा म्हणाले, आणि फोन बंद केला नाही. मागे वॉर्डातल्या ढकलगाडीच्या चाकांचा आवाज येत होता.

मी जेल दिव्याखाली ठेवला. सरांनी पडदा ओढला. मी डावीकडून मोजत गेले, मग उजवीकडून. मग सरांनी मोजलं आणि माझ्या वहीत आपला आकडा माझ्या आकड्याशेजारी लिहिला. दोन्ही सारखे होते.

अप्पांनी चालू फोन डॉ. सवितांच्या हातात दिला, आणि मी त्यांना वहीतलं वाचून दाखवलं.

गुरुवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. पाणी: पट्टी नाही. मूळ वाण: पट्टी नाही. जनुकाचा तुकडा: पट्टी आहे. जखमेतल्या वसाहती: चोवीस. विषाचं जनुक नाही: तेवीस. आहे: एक, क्रमांक सतरा.